लोकलच्या वेळापत्रकात बसेल अशी तब्येतीची घडी: मुंबईतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी

डोंबिवलीहून माटुंग्याला सकाळी सातच्या लेक्चरला येणाऱ्या मुलीला 'लवकर झोप, वेळेवर जेव, व्यायाम कर' असं सगळेच सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण तिच्या दिवसात तो नेमका कुठे बसवायचा हे कुणी सांगत नाही. सातचं लेक्चर, दुपारी क्लास किंवा पार्टटाइम काम, परतीची खचाखच गाडी, रात्री जर्नल आणि सबमिशन, एवढ्यातच दिवस संपतो. मी पदवीच्या वर्गांना शिकवते. पहिल्या लेक्चरला डोळे मिटणारी मुलं आळशी असतात असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या दिवसात झोप आणि जेवण यांना ठरलेली जागाच नसते, बाकी सगळं उरकून जे उरेल त्यात ती कोंबलेली असतात.

म्हणून या लेखात क्रम महत्त्वाचा आहे. आधी झोप, मग खाणं, मग हालचाल. एका वेळी एकच गोष्ट हातात घ्या, दोन-तीन आठवडे ती अंगवळणी पडू द्या आणि मगच पुढचीकडे वळा. मन आणि आजारपण यांचे भाग मात्र आजच वाचून ठेवा, कारण त्यांची गरज कधी पडेल ते सांगून येत नाही.

आधी आठवडाभर नुसती नोंद

सोमवार ते रविवार, वहीच्या शेवटच्या पानावर रोज पाच गोष्टी लिहा: डोळा प्रत्यक्ष कधी लागला, जाग कधी आली, दिवसाचं पहिलं खाणं काय आणि किती वाजता, शेवटचा चहा कधी, आणि दिवस कसा गेला याला दहापैकी गुण. फोनपेक्षा वही बरी. नोंद करायला म्हणून फोन उघडला की त्यातच अर्धा तास जातो. या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नका, नाहीतर खरं चित्र दिसणार नाही.

रविवारी ते पान शांतपणे वाचा आणि कमी गुणांचे दिवस शोधा. त्याच्या आदल्या रात्री झोप किती झाली होती आणि त्या दिवशी दुपारपर्यंत पोटात काय गेलं होतं, हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहा. तुमची सुरुवात कुठून व्हायला हवी ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

झोप: वेळ उलटी मोजायची

अठरा ते पंचवीस या वयात साधारण ७ ते ९ तास झोप लागते. आता डोंबिवलीच्या त्या मुलीचा हिशेब उलटा करू. लेक्चर ७ वाजता. माटुंगा स्टेशनपासून कॉलेज दहा मिनिटं, गाडीत तासभर, म्हणजे पावणेसहाची गाडी. घर ते स्टेशन वीस मिनिटं, म्हणून ५.२५ ला बाहेर पडायचं आणि ५ ला उठायचं. सात तास हवे असतील तर रात्री १० ला झोप लागलेली हवी. बाबा साडेनऊला कामावरून येतात, जेवणं दहाला होतात, अशा घरात हे रोज जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून तिने अपराधी वाटून घ्यायचंही कारण नाही.

मग जमण्यासारखं काय? रात्री साडेदहा ते पाच, म्हणजे साडेसहा तास पक्के धरायचे आणि दुपारी चारच्या आत २० ते ३० मिनिटांची एक डुलकी घ्यायची. डुलकीला गजर लावाच. तासाभराच्या वर झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप लांबते. गाडीत बसायला मिळालं आणि डोळा लागला तर उत्तम, पण त्या झोपेचा हिशेबात भरवसा धरू नका.

साडेदहाला झोप येण्यासाठी तयारी संध्याकाळपासूनच करावी लागते. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला शरीराला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कटिंगमधलं निम्मं कॅफिन अकरालाही अंगात असतं. शेवटचा चहा चारपर्यंत घ्या. दुसऱ्या दिवसाची बॅग, कपडे, पास, आयकार्ड आणि डब्याची तयारी जेवणाआधीच करून टाका, त्यामुळे सकाळची पंधरा मिनिटं वाचतात आणि ती सरळ झोपेच्या खात्यात जातात. फोन चार्जिंगला लावायची जागा अंथरुणापासून लांब ठेवा. गजर बंद करायला उठावं लागणं हा त्याचा दुसरा फायदा.

एका खोलीच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि दिवा चालू असतो, हे मला ठाऊक आहे. घरच्यांशी भांडू नका, पण बोला जरूर. 'माझी परीक्षा होईपर्यंत साडेदहानंतर आवाज कमी आणि मोठा दिवा बंद' एवढी नेमकी मागणी केली तर ती बहुतेक घरांत मान्य होते. डोळ्यांवर मऊ रुमाल किंवा ओढणी घ्या, कानात कापूस घाला. रात्रीचा अभ्यास घरात होणारच नसेल, तर संध्याकाळी दोन तास जवळच्या अभ्यासिकेत बसा. महानगरपालिकेच्या आणि मंडळांच्या अभ्यासिका अनेक वस्त्यांत आहेत.

रविवारी दुपारी बारापर्यंत झोपून आठवड्याची भरपाई करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. रोजच्यापेक्षा तासभर जास्त झोपा, हवं तर दुपारी परत पडा. पण उठायची वेळ चार-पाच तासांनी सरकली की रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार बुडतो. एकांकिकांच्या तालमी किंवा फेस्टच्या दिवसांत हे वेळापत्रक मोडणारच. मोडू द्या, तो आनंदही याच वयातला आहे. फक्त तालमी संपल्यावर कोणत्या तारखेपासून पुन्हा साडेदहा पाळायचे, ते आधीच ठरवून ठेवा.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: जागू नका. वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत. दोनपर्यंत जागून वाचलेली शेवटची दोन प्रकरणं सकाळी अर्धवट आठवतात आणि आधी येत असलेलंही गोंधळतं.

खाणं: नाश्त्याचे दोन हप्ते

पहाटे पाचला भूक नसते, म्हणून नाश्ता राहतो. नऊच्या ब्रेकमध्ये चहा-बिस्किट, बाराला भूक असह्य झाली की वडापाव, आणि घरी पोचल्यावर तीनला जेवण. यावर साधा उपाय म्हणजे नाश्ता दोनदा करणं. घरातून निघताना एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, सोबत मूठभर शेंगदाणे. उरलेला नाश्ता डब्यात, तो नऊच्या ब्रेकला खायचा: पोळीचा रोल, थालीपीठ, उसळ-पोळी, भरपूर मटार-शेंगदाणे घातलेले पोहे, उकडलेली अंडी. दमट हवेत ओलं खोबरं किंवा दही घातलेले पदार्थ लवकर आंबतात, तेव्हा उन्हाळ्यात ते डब्यात नकोत.

प्रथिनांचा हिशेब एकदा तरी करून पाहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन ५५ किलो असेल तर सुमारे ४६ ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, वाटीभर मटकीच्या उसळीतून सात-आठ, वाटीभर वरणातून पाच-सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, पेलाभर दुधातून सहा-सात आणि तीन पोळ्यांतून नऊच्या आसपास. बेरीज झाली. महागडी पावडर न घेताही हे जमतं. अंडी खात नसाल तर मूठभर फुटाणे, वाटीभर दही आणि उसळीची आणखी एक वाटी धरा.

पीजीत किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्यांची अडचण वेगळी. खानावळीत पोळ्या, भात आणि बटाटा पोटभर मिळतो, पण डाळ पातळ आणि भाजी बेताची असते. तिथे पाककौशल्याची गरज नाही. पोळी-भाजी केंद्रातून रोज फक्त एक उसळ किंवा पालेभाजी वेगळी आणा. खोलीवर फुटाणे, शेंगदाणे, गूळ, कुरमुरे, काकडी, टोमॅटो, लिंबू ठेवा. मूग रात्री भिजत घातले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची भेळ होते.

वडापाव सोडा असं मी म्हणणार नाही. खा, पण नाश्ता आणि जेवण दोन्हीच्या जागी तोच नको. कोल्ड्रिंकबद्दल मात्र मी कडक आहे. ३०० मिलीच्या एका बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे एका बाटलीतच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. ताक, लिंबूसरबत, शहाळं यांपैकी काहीतरी जवळपास मिळतंच.

मुलींसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप, सतत थकवा, केस गळणं, लक्ष न लागणं हे सगळं 'अभ्यासाचा ताण' म्हणून सोडून दिलं जातं. हिमोग्लोबिनची साधी तपासणी करून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्या. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, कारण चहातले घटक अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. उलट उसळीवर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, तास-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा दर महिन्याला दुखण्यामुळे कॉलेज बुडत असेल, तर 'सगळ्यांनाच होतं' म्हणून गप्प बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि पाणी. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला हे आमंत्रण आहे. कॉलेजात पोचल्यावर एक बाटली, दुपारी निघायच्या तासभर आधी दुसरी, आणि निघण्यापूर्वी कॉलेजमधल्याच स्वच्छतागृहात जाऊन मग स्टेशन गाठायचं. कॉलेजमधलं स्वच्छतागृह घाणेरडं असेल तर ते प्राचार्यांकडे लेखी मांडा, दहा-पंधरा जणींनी मिळून सह्या करून. ही मागणी पूर्णपणे रास्त आहे.

हालचाल: प्रवासातलं चालणं मोजा

आठवड्याला १५० मिनिटं दमवेल असं चालणं किंवा तसा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी किमान अपेक्षा आहे. मुंबईच्या विद्यार्थ्याचा यातला मोठा भाग प्रवासातच होतो. घर ते स्टेशन झपझप चाला, शेअर रिक्षा पावसापुरती आणि रात्रीपुरती ठेवा. ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा सूर्यनमस्कार, दंड आणि बैठका पुरेत, चटईएवढी जागा असली की झालं.

मैदान हवं असेल तर दादरचं शिवाजी पार्क, माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स, मरीन ड्राइव्ह आहेतच. एकट्याने कंटाळा येत असेल तर खेळ शोधा. शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात, कॉलेजच्या जिमखान्यात कबड्डी, खो-खो, टेबल टेनिस असतं आणि ते बहुतेक वेळा रिकामं पडलेलं असतं. जिमला जाणाऱ्यांनो, कुणीही 'लवकर बॉडी बनते' म्हणून इंजेक्शन किंवा बिननावाच्या गोळ्या देऊ केल्या तर ठाम नकार द्या. असली औषधं हृदय, यकृत आणि संप्रेरकांचं कायमचं नुकसान करू शकतात.

फुटबोर्डवर लटकू नका. पुढची गाडी घ्या. एका लेक्चरची हजेरी गेली तर जाऊ दे, आम्हा शिक्षकांना तुम्ही सुखरूप हवे आहात.

मन: एटीकेटी, एकटेपणा आणि मदत मागणं

एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, पहिल्या निकालानंतर अनेक जण गप्प होतात. बारावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला दोन विषयांत केटी (एटीकेटी, म्हणजे नापास झालेले विषय पुन्हा द्यायचे) लागते आणि तो ते घरी सांगत नाही. कोकणातून किंवा विदर्भातून आलेली मुलगी इंग्रजीतली लेक्चर्स कळत नाहीत म्हणून मागे बसू लागते. हे ताण खरे आहेत, 'मन खंबीर ठेव' म्हणून ते जात नाहीत.

केटीच्या बाबतीत आधी कामाचा भाग उरका: परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, इंटर्नलचे गुण धरले जातात का, पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून लिहून घ्या. निम्मी भीती माहिती नसल्यामुळे असते. घरी सांगताना निकाल आणि पुढची योजना एकत्र सांगा: 'दोन विषय राहिलेत, परीक्षा अमुक महिन्यात आहे, मी रोज इतका वेळ अभ्यास करणार आहे.' समोर बसून बोलायला जमत नसेल तर आधी ताई, मावशी किंवा काका यांच्यापैकी कुणाला तरी विश्वासात घ्या.

एकटेपणावर मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांबरोबर काहीतरी करणं. एनएसएस, नाट्यमंडळ, मराठी वाङ्मय मंडळ, ट्रेकिंगचा ग्रुप, काहीही. पहिल्या दोन-तीन वेळा परकं वाटेल, तरी जा.

उदासी, चिडचिड, रडू येणं, भूक किंवा झोप बिघडणं, आवडत्या गोष्टीतही रस नसणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तज्ज्ञांना भेटायची वेळ झाली. सुरुवात कॉलेजच्या समुपदेशकांपासून करता येते. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. केईएम, नायर, सायन आणि कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तिथला खर्च खासगीच्या मानाने अगदी थोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुम्हाला उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

मित्र किंवा मैत्रीण 'मी नसलेलंच बरं' असं काही बोलली, वस्तू वाटून टाकू लागली किंवा अचानक सगळ्यांचा निरोप घेऊ लागली, तर सरळ विचारा: 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?' असं विचारल्याने विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर उपदेश करू नका, ऐका, तिला एकटं सोडू नका, मोठ्या माणसाला सांगा, १४४१६ ला सोबत बसून फोन लावा किंवा थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. 'कुणाला सांगू नकोस' असं वचन घेतलं असेल तरी ते मोडा.

तंबाखू, व्हेप, दारू

कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्याने बंदी आहे, ई-सिगारेट तर २०१९ पासून देशभर बेकायदा आहे. टपरीवर तरीही सगळं मिळतं, तेव्हा ठरवायचं तुम्हालाच आहे. सुरुवात झालीच असेल तर सोडणं शक्य आहे. तलफ तीव्र असते ती काही मिनिटं. तेवढ्यात जागा बदला, पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग चघळा. चहा आणि सिगारेट यांची जोडी असेल तर काही दिवस चहाची जागा आणि सोबत दोन्ही बदला. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दारूबद्दल एवढंच सांगते की नको असेल तेव्हा 'नको' म्हणायला कारण द्यावं लागत नाही, आणि कुणी पिऊन बेशुद्ध झालं तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा, घरी कळेल म्हणून थांबू नका.

पावसाळा आणि आजारपण

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या तापाचा) धोका असतो, पायाला जखम असेल तर जास्तच. घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस खरे जोखमीचे. पोटात सतत दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळाल्यासारखं वाटणं यांपैकी काही झालं तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

ओल्या कपड्यांत दोन-दोन तास प्रवास झाला की जांघेत, कमरेला नायटा होतो. केमिस्टने दिलेल्या मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. बॅगेत सुका टीशर्ट आणि मोजे ठेवा, टॉवेल वेगळा वापरा आणि त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात. गोळ्या बरं वाटल्यावरही मध्येच थांबवायच्या नाहीत.

साध्या तपासणीसाठी महापालिकेचे 'आपला दवाखाना' आहेत, त्यातले अनेक संध्याकाळीही चालू असतात, म्हणजे कॉलेज बुडत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत जाणार असाल तर सकाळी लवकर नंबर लावा, आधारकार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा. आजारात लेक्चर्स बुडाली तर बरे होऊन परतल्याच्या आठवड्यातच डॉक्टरांचं प्रमाणपत्र कॉलेजच्या ऑफिसात द्या आणि त्याच्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. पंचाहत्तर टक्के हजेरीची यादी लागल्यावर धावपळ केली तर जुनं प्रमाणपत्र स्वीकारतीलच असं नाही.